वीस वर्षांची सिगारेट सोडायची तर औषधाचा हिशेब आधी करा

‘निकोटिनचा गम खाऊन पाहिला, काही फरक पडला नाही.’ पंधरा-वीस वर्षं सिगारेट ओढलेल्या माणसाकडून हे वाक्य हमखास ऐकायला मिळतं. थोडं खोदून विचारलं की कळतं, गम घेतले दिवसाला दोन किंवा तीन. तेही चहाच्या घोटाबरोबर, साध्या च्युइंगमसारखे भराभर चावून. चार दिवसांत उरलेले कपाटात. मग सिगारेट पुन्हा सुरू होते आणि माणूस स्वतःला दोष देतो, की आपल्यात निर्धारच नाही.

जरा हिशेब करू. एका सिगारेटमधून साधारण १ ते १.५ मिलिग्रॅम निकोटिन रक्तात जातं. म्हणजे दिवसाला वीस ओढणाऱ्याच्या शरीराला रोज २० ते ३० मिलिग्रॅमची सवय असते. २ मिलिग्रॅमचा गम अगदी नीट वापरला तरी त्यातलं जवळपास निम्मंच, म्हणजे १ मिलिग्रॅमच्या आसपास, शरीरात जातं. तीन गमचे झाले तीन मिलिग्रॅम. एवढ्यावर चौथ्या दिवशी पाय टपरीकडे वळले तर त्यात निर्धाराचा काय दोष? डोस कमी पडला. पहिल्या आठवड्यातलं अपयश बहुतेक वेळा असंच असतं आणि ते टाळता येतं.

कसलीही मदत न घेता सिगारेट सोडणाऱ्या शंभर जणांपैकी वर्षभरानंतर तिच्याविना राहिलेले तीन ते पाच जण सापडतात. योग्य औषध आणि त्याच्या जोडीला समुपदेशन मिळालं तर ही संख्या दुपटीहून जास्त होते. ज्यांनी नुसत्या मनाच्या बळावर सोडली त्यांचं कौतुक जरूर करावं, पण ‘त्याला जमलं, तुला का नाही’ असं कुणाला म्हणू नये.

सकाळची पहिली सिगारेट काय सांगते

झुरका घेतला की दहा ते वीस सेकंदांत निकोटिन मेंदूत पोहोचतं, तिथल्या पेशींवरच्या ठरावीक जागांवर, म्हणजे रिसेप्टरवर, बसतं आणि डोपामिन हे रसायन सुटतं. हा मारा वर्षानुवर्षं चालू राहिला की मेंदू या रिसेप्टरची संख्या वाढवतो. रक्तातलं निकोटिन मात्र दर दोन तासांनी निम्मं होत जातं. आठ तासांच्या झोपेत ते सोळाव्या हिश्श्यावर येतं. सकाळी डोळे उघडतात तेव्हा हे सगळे वाढीव रिसेप्टर रिकामे असतात आणि हात पाकिटाकडे जातो.

म्हणून दिवसाला किती ओढता यापेक्षा उठल्यावर किती वेळात पहिली ओढता, हे जास्त महत्त्वाचं. अर्ध्या तासाच्या आत ओढत असाल तर व्यसन खोल आहे आणि औषधाचा वरचा डोस लागेल. पाच मिनिटांच्या आत ओढत असाल तर औषधाशिवाय प्रयत्न करूच नका, असं आम्ही स्पष्ट सांगू.

ताण आला की सिगारेटने बरं वाटतं, हा अनुभव खरा असतो, पण त्या ताणाचा बराचसा भाग आधीच्या सिगारेटचं निकोटिन उतरल्यामुळे आलेला असतो. पुढची सिगारेट तेवढाच भाग हलका करते. सोडून काही महिने झालेल्यांची बेचैनी आणि उदासी आधीपेक्षा कमी झालेली दिसते. पहिल्या आठवड्यात यावर विश्वास बसणं कठीण जातं, कारण दुसरा-तिसरा दिवस सर्वांत वाईट असतो. तिथून त्रास उतरू लागतो आणि तीन-चार आठवड्यांत बराच ओसरतो. वाढलेले रिसेप्टर साधारण सहा ते बारा आठवड्यांत पूर्वपदावर येतात. औषधांचा नेहमीचा कोर्सही दहा-बारा आठवड्यांचाच असतो, आणि लोक तो तिसऱ्या आठवड्यात ‘आता जमतंय’ म्हणून थांबवतात. ही दुसरी मोठी चूक.

आता या वयात सोडून काय मिळणार, असंही विचारलं जातं. रिचर्ड डॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनमधल्या डॉक्टरांची १९५१ पासून पन्नास वर्षं नोंद ठेवली आणि निष्कर्ष २००४ मध्ये मांडले. साठीत सोडणाऱ्यांना सरासरी ३ वर्षांचं आयुष्य परत मिळालं, पन्नाशीत सोडणाऱ्यांना ६, चाळिशीत सोडणाऱ्यांना ९. फुप्फुसांची गेलेली ताकद पूर्णपणे परत येत नाही, पण पुढची घसरण मंदावते. चाळिशी ओलांडली असेल आणि पर्वतीच्या पायऱ्या चढताना पूर्वीपेक्षा लवकर धाप लागत असेल, तर स्पायरोमेट्री करून घ्या. नळीत जोरात फुंकायची साधी तपासणी आहे.

हळूहळू की एकदम

ठरलेल्या दिवशी एकदम. इंग्लंडमध्ये सुमारे ७०० जणांवर झालेला आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. एका गटाने दोन आठवड्यांत सिगारेटी कमी करत नेल्या, दुसऱ्याने ठरल्या दिवशी थांबवल्या. निकोटिनचं औषध दोघांनाही होतं. सहा महिन्यांनंतर एकदम थांबवणाऱ्यांपैकी २२ टक्के टिकले होते, कमी करत आलेल्यांपैकी १५.५ टक्के.

संख्या कमी केली की माणूस नकळत प्रत्येक झुरका खोल ओढतो आणि थोटकापर्यंत ओढतो, त्यामुळे निकोटिन फारसं घटत नाही. ‘लाइट’ सिगारेटचंही तेच. आणि दिवसाला एकच ओढणाऱ्याला हृदयविकाराचा जो जादा धोका असतो, तो वीस ओढणाऱ्याच्या जादा धोक्याच्या जवळपास निम्मा असतो. विसावा हिस्सा नव्हे. ‘एकावर आणलीय’ म्हणून निर्धास्त राहू नका.

तारीख येत्या दोन आठवड्यांतली निवडा. गणपतीच्या तोंडावरची नको. मंडळाची रात्रपाळी, जागरण आणि विसर्जनाची रात्र पहिल्याच आठवड्यात आली तर सगळं अवघड होऊन बसतं. मार्चअखेरची धावपळ असणाऱ्यांनी एप्रिल धरावा. आदल्या रात्री घरातली, गाडीच्या डिकीतली, ऑफिसच्या ड्रॉवरमधली पाकिटं, लायटर, ॲशट्रे सगळं बाहेर काढा. ‘असू दे एक, इमर्जन्सीला’ म्हणून ठेवलेलं पाकीट तिसऱ्या दिवशी उघडलं जातं.

गम आणि पट्टी: वापरायची रीत

पहिली सिगारेट उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत लागत असेल तर ४ मिलिग्रॅमचा गम, नाहीतर २ मिलिग्रॅमचा. चार मिलिग्रॅमचा डॉक्टरांना विचारूनच घ्या. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, म्हणजे दिवसाला किमान नऊ. पुढचे तीन आठवडे दर दोन-चार तासांनी, शेवटचे तीन आठवडे दर चार-आठ तासांनी. चोवीस तासांत चोवीसच्या वर जायचं नाही. तलफ येण्याची वाट पाहू नका, घड्याळावर घ्या. गमचं निकोटिन चढायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि एकेक तलफ तीन ते पाच मिनिटांत ओसरते, त्यामुळे तलफ आल्यावर तोंडात टाकलेला गम तिला गाठू शकत नाही.

चावायची पद्धत साध्या च्युइंगमच्या उलट आहे. सावकाश चावायचं. तिखटसर चव किंवा झिणझिण्या आल्या की थांबायचं आणि गम गाल व हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायचा. झिणझिण्या गेल्या की पुन्हा थोडं चावून दुसऱ्या बाजूला ठेवायचा. असं अर्धा तास. निकोटिन गालाच्या आतल्या त्वचेतून रक्तात जातं. भराभर चावलं तर ते लाळेबरोबर पोटात जातं, तिथे उचकी, जळजळ, मळमळ होते आणि यकृत त्यातलं बरंचसं निकामी करतं. तोंड आम्लयुक्त असेल तर गालातूनही ते नीट शोषलं जात नाही, म्हणून गमच्या आधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असताना चहा-कॉफी, लिंबू सरबत, कोल्ड्रिंक, फळांचा रस, काहीही नको. पाणी चालेल. कवळी असेल तर गम चिकटतो, तिथे चघळायची गोळी बरी.

पट्टी म्हणजे त्वचेवर चिकटवायचा निकोटिनचा पॅच. रोज दहापेक्षा जास्त सिगारेटी ओढणाऱ्यासाठी ती सहसा २१ मिलिग्रॅमची असते: सहा आठवडे ती, मग दोन आठवडे १४ ची, दोन आठवडे ७ ची. पट्टी चोवीस तास निकोटिन हळूहळू सोडते, पण लावल्यावर पातळी चढायला काही तास लागतात. त्यामुळे सकाळी लावलेली पट्टी सकाळच्या तलफेला पुरत नाही. रात्रभर ठेवली तर सकाळ सोपी जाते, मात्र काहींना भडक स्वप्नं पडतात, झोप मोडते. अशांनी झोपताना ती काढावी आणि उठल्या-उठल्या गम घ्यावा.

दंड, छाती, पाठ अशा केस नसलेल्या कोरड्या जागी ती दहा सेकंद दाबून धरा. रोज नवी जागा, आधीची जागा आठवडाभर टाळायची. पट्टी सुटून येते ती तेलामुळे किंवा पावडरमुळे. दिवाळीत अभ्यंगस्नान झालं असेल तर ती जागा साबणाने धुऊन, पुसून, मगच लावा. एप्रिल-मेच्या घामातही हेच. कापून अर्धी करू नका. एमआरआय असेल तर आधी काढा, काही पट्ट्यांच्या थरात धातू असतो. वापरलेली पट्टी चिकट बाजू आत घडी घालून टाका. तिच्यात उरलेलं निकोटिन लहान मुलाला घातक ठरू शकतं.

पट्टी आणि गम एकत्र घेतले तर एकट्या औषधापेक्षा यश जास्त मिळतं: पट्टी दिवसभराचा पाया धरते, गम वरच्या उसळ्या सांभाळतो. डबल डोस होईल ही भीती लोकांना फार वाटते. मळमळ, छातीत धडधड, डोकं गरगरणं असं काही झालं तर डोस उतरवायचा. पण जास्त होण्यापेक्षा कमी पडण्याचीच उदाहरणं कितीतरी अधिक असतात. कॅन्सर होतो तो धुरातल्या इतर रसायनांमुळे, निकोटिनमुळे नव्हे. गरोदर असाल, किंवा नुकताच हार्ट ॲटॅक येऊन गेला असेल, तर मात्र डॉक्टरांना विचारूनच.

याशिवाय डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या दोन गोळ्या आहेत. व्हॅरेनिक्लिन मेंदूतल्या त्याच रिसेप्टरवर बसते पण त्याला अर्धवटच चालना देते, त्यामुळे तलफ उतरते आणि चुकून ओढली तरी मजा येत नाही. ती ठरलेल्या तारखेच्या आठवडाभर आधी सुरू करतात: तीन दिवस ०.५ मिलिग्रॅम एकदा, चार दिवस दोनदा, मग १ मिलिग्रॅम दोनदा, एकूण बारा आठवडे. उपाशीपोटी घेतली तर मळमळते, म्हणून जेवणानंतर भरपूर पाण्याबरोबर. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डोस कमी करावा लागतो. दुसरी ब्युप्रोपिऑन, पण फिट्सचा त्रास असणाऱ्यांना ती देत नाहीत. परिणामाच्या दृष्टीने व्हॅरेनिक्लिन आणि ‘पट्टी अधिक गम’ या दोन वाटा सर्वांत भरवशाच्या.

चहा निम्मा करा

हे फारसं कुणी सांगत नाही. सिगारेटच्या धुरातल्या काही रसायनांमुळे यकृतातलं एक एन्झाइम जोरात काम करतं आणि कॅफीन झपाट्याने शरीराबाहेर जातं. सिगारेट थांबली की काही दिवसांत ते एन्झाइम नेहमीच्या गतीवर येतं. आता तेवढाच चहा घेतला तरी रक्तात कॅफीन जास्त साठतं. हात थरथरणं, धडधड, रात्री दोनपर्यंत टक्क जाग. माणसाला वाटतं, सिगारेट सोडल्याचा हा त्रास आहे. त्यातला काही भाग चहाचा असतो. अमृततुल्यमध्ये दिवसाला सहा कप होत असतील तर ते तीनवर आणा आणि दुपारनंतर बंदच.

याच एन्झाइमवर काही औषधंही अवलंबून असतात. दम्यासाठी किंवा जुन्या खोकल्यासाठी डेरिफायलिनसारखी थिओफायलिन असलेली गोळी चालू असेल, किंवा मानसिक आजारासाठी ओलान्झापिन वा क्लोझापिन, तर सिगारेट सोडल्यावर त्यांची रक्तातली पातळी वाढते. तारीख ठरवण्याआधी डॉक्टरांना सांगा, डोस बदलावा लागू शकतो. इन्सुलिन घेणाऱ्यांनी पहिले काही आठवडे साखर जास्त वेळा तपासावी. गम आणि पट्टी यांनी हे एन्झाइम बदलत नाही, कारण त्यांत धूर नसतो.

पोट, खोकला, वजन

‘सिगारेटशिवाय सकाळी पोट साफ होत नाही’ ही तक्रार खरी आहे. निकोटिन आतड्यांना चालना देतं आणि ते थांबलं की काही आठवडे बद्धकोष्ठता होते. केवळ या कारणाने पुन्हा ओढायला लागलेली माणसं आहेत, त्यामुळे याची तयारी आधीच करा: रात्री एक-दोन चमचे इसबगोल मोठा ग्लासभर पाण्यात, सकाळी कोमट पाणी, जेवणात कोशिंबीर आणि भाकरी, आणि वीस मिनिटं चालणं.

खोकला आधी वाढू शकतो, कारण श्वासनलिकेतले बारीक केस पुन्हा हलू लागतात आणि साठलेला कफ वर ढकलतात. पण खोकला दोन आठवड्यांच्या पुढे गेला तर थुंकीची क्षयरोगासाठी तपासणी करून घ्या. थुंकीत रक्त, बसलेला आवाज किंवा कारण नसताना घटलेलं वजन असेल तर थांबू नका. तोंडही काही दिवस येतं, ते आपोआप बरं होतं.

वर्षभरात सरासरी चार-पाच किलो वजन वाढतं, बरंचसं पहिल्या तीन महिन्यांत. याच काळात कडक डाएट सुरू करू नये. भूक आणि तलफ एकदम आवरणं फार थोड्यांना जमतं. खिशात शेव-फरसाणाऐवजी भाजलेले चणे, बडीशेप, लवंग ठेवा. वजन चौथ्या महिन्यापासून बघता येईल.

टपरी आणि मित्र

शरीराची गरज औषध भागवतं, सवयीला वेगळा उपाय लागतो. हिंजवडी-मगरपट्ट्यात कंपनीच्या गेटबाहेरची टपरी म्हणजे कामातून सुटण्याची दहा मिनिटं असतात. सिगारेट सोडताना ती सुट्टीही सोडली की माणूस चिडचिडा होतो. सुट्टी घ्याच, पण टपरीच्या उलट दिशेला चाला. जेवणानंतर लगेच उठून दात घासा. पहिले महिनाभर दारूच्या बैठकीला जाऊ नका. सोडलेली सिगारेट परत हातात येते ती फार वेळा दुसऱ्या पेगनंतर.

मित्रांना ‘कमी करतोय’ सांगू नका. त्यावर ‘मग आजची एक घे’ हे उत्तर ठरलेलं असतं. ‘सोडलीय रे, मला विचारू नकोस आणि माझ्यासमोर पेटवू नकोस’ हे एकदाच, सरळ सांगा. घरच्यांनीही पहिले दोन आठवडे चिडचिड मनावर घेऊ नये आणि रोज खिसे तपासू नयेत.

आपल्याकडे एक धोका खास आहे. सिगारेट सुटते आणि तिच्या जागी मावा, तंबाखूचा बार किंवा मशेरी येते. निकोटिन तेच, वर तोंडाच्या कॅन्सरचा धोका. विडीही नको, तिला पेटती ठेवायला जास्त जोरात ओढावं लागतं. ई-सिगारेटवर देशात २०१९ पासून बंदी आहे.

घसरलात तर

एखादी ओढली गेली तर पट्टी काढू नका, गम थांबवू नका. एका सिगारेटवर पट्टी धोकादायक ठरत नाही. पट्टी काढून टाकली तर मात्र दुसऱ्या दिवशी पाकीट विकत घेतलं जातं. उरलेल्या सिगारेटी मोडून फेका आणि कुठे, कुणाबरोबर, किती वाजता ओढली ते लिहून ठेवा. दोन-तीन नोंदींत तुमची कमजोर जागा दिसेल. बहुतेक वेळा ती वेळ गम चुकल्याची असते.

बोलायला माणूस हवा असेल तर राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइन १८००-११-२३५६ वर फोन करा. तो मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं. हा नंबर २०१८ पासून प्रत्येक पाकिटावर छापलेला असतो, पण सुटी सिगारेट घेणाऱ्याच्या नजरेला तो पडतच नाही. सुट्या विक्रीवर महाराष्ट्रात सप्टेंबर २०२० पासून बंदी आहे, तरी टपरीवर ती सर्रास चालते. फोनवर मेसेज हवे असतील तर ०११-२२९०१७०१ वर मिस्ड कॉल द्या. पुण्यातल्या अनेक दंत महाविद्यालयांतही तंबाखू सोडवण्यासाठी समुपदेशन मिळतं, तिथे तोंडाची तपासणीही करून घ्या.

बारा आठवड्यांनंतरही काहींना गम सोडवत नाही. घाबरू नका, सिगारेटकडे परत जाण्यापेक्षा गम चालू राहिलेला कधीही बरा. आठवड्याला रोजचा एक गम कमी करत चला, आधी दुपारचा, मग संध्याकाळचा. सकाळचा आणि जेवणानंतरचा सर्वांत शेवटी. हे दोनच उरले की त्यांच्या जागी साधं च्युइंगम घ्या. लग्नाकार्याला किंवा दिवाळीच्या बैठकीला जाताना वर्षभर दोन निकोटिन गम खिशात असू द्या आणि हॉलमध्ये शिरण्याच्या अर्धा तास आधी एक तोंडात टाका.